मागच्या गादीतला खळगा

१

कुठलीही सीट उसवण्याआधी मी तिच्यावर तळहात ठेवते. दाबत नाही, नुसता ठेवते. नवऱ्याने लावलेली सवय. गाद्या भरण्याचं काम त्याचं आणि शिवणाचं माझं. तो गेल्यावर दोन्ही माझ्याकडे आली. माणूस तोंडाने काहीही सांगो, तो बसतो कसा ते गादीला ठाऊक असतं. मागच्या खिशात जाड पाकीट ठेवणारा कायम एका अंगावर कलतो. भित्रा माणूस पुढच्या काठावर टेकतो, त्याच्या सीटचं कापड तिथेच आधी विरतं. एकदा एका वकिलाची गाडी आली होती. मागच्या सीटची दोन्ही टोकं दबलेली आणि मधला भाग दुकानातून आणल्यासारखा कोरा. मी सुनेला म्हटलं, या घरात नवराबायको बोलत नाहीत. पुढे दोघांनी वेगळी बिऱ्हाडं केल्याचं कानावर आलं, तेव्हा सून माझ्याकडे बघतच राहिली. त्यात बघण्यासारखं काय होतं? सीटवर लिहिलेलं होतं ते मी फक्त वाचलं.

माझ्या मुलाचं वर्कशॉप जुन्या गाड्यांचं. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. घरातला नळ महिनोन्महिने गळत राहील, पण कुणाच्या आजोबांच्या वेळच्या गाडीच्या दिव्याची काच तो देशोदेशी शोधत बसेल. गाडी पूर्वी होती तशी उभी करायची, एवढंच त्याचं वेड. पत्रा आणि इंजिन तो बघतो, रंगाचं काम रंगारी बघतो, आणि खिडकीपाशी माझं स्टूल.

ती गाडी आली तेव्हा मी दोऱ्याला मेण लावत होते. महायुद्धाच्या आधीची, विलायती. ट्रकवरून उतरवताना रंगारी म्हणाला, मावशी, हिचं तोंड आलंय, शेपूट पोचेपर्यंत चहा पिऊन घेऊ. खरंच तेवढी लांब होती. पुढची सीट चामड्याची, मागची मऊ लोकरी कापडाची. आजच्या लोकांना हे उलटं वाटतं. पण चामडं पावसापाण्याला टिकतं म्हणून ते नोकराला, आणि ऊब मालकाला. दोघांच्या मध्ये काच. बोलायला एक नळी होती: मालकाने मागे बसून तोंडाशी धरायची, आणि ड्रायव्हरच्या कानापाशी तिचा लहानसा भोंगा. म्हणजे एकाला मान पुढे काढायला नको आणि दुसऱ्याने मागे वळून बघायला नको.

ज्यांनी ती विकत घेतली ते बंगलेवाले दुसऱ्या गाडीतून आले होते. सभ्य माणूस, आवाज कधी चढायचा नाही. नवी वस्तू घेतलेला माणूस तिला हात लावल्याशिवाय राहत नाही. हे मात्र गाडीपासून लांब उभे होते आणि हात पाठीमागे बांधलेले.

२

गाडीचा सगळा इतिहास त्यांनी उभ्याउभ्याच सांगितला. पहिला मालक मोठा साहेब होता, हाताखाली माणसंच माणसं. त्याने ती मुद्दाम बनवून घेतली होती आणि शेवटपर्यंत मागेच बसला. तो वारल्यावर ती एका थिएटरवाल्याकडे गेली, मग एका डॉक्टरकडे, आणि सगळ्यांत शेवटी एका विधवा बाईकडे. गंमत अशी, म्हणे, की घेताना या तिघांकडेही ड्रायव्हर होते, आणि थोड्याच दिवसांत सगळ्यांनी ते काढून टाकले आणि स्वतः चालवू लागले. थिएटरवाल्याने थिएटर विकलं, पण स्टिअरिंग सोडलं नाही. डॉक्टर पेशंट ताटकळत ठेवून दिवसभर फिरायचे. ते गेले तेही गाडीतच, पुढच्या सीटवर, दोन्ही हात चाकावर. स्थळ सांगायला आलेला माणूस मुलीचे गुण सांगतो, तशा चालीत बंगलेवाले हे सांगत होते.

रंगाऱ्याने विचारलं, मग मागे कोण बसायचं?

ते हसले. म्हणाले, मागे कुणीच नाही. रिकामी असायची.

त्या विधवा बाईने मात्र गाडीची दशा केली होती. मधल्या काचेवर फळी ठोकली होती आणि बोलायच्या नळीत चिंध्या कोंबून वरून मेण ओतलं होतं. म्हातारीचं डोकं फिरलं होतं, असं बंगलेवाले म्हणाले. ते सगळं काढा, पहिल्या दिवशी होती तशीच मला हवी.

माझ्या मुलाला तर हेच ऐकायचं होतं. फळी त्याने स्वतः उचकटली. खिळे पुढच्या बाजूने मारलेले होते, माझ्या ते तेव्हाच नजरेत आलं. मागच्या माणसाला आडोसा हवा असता तर त्याने मागून फळी लावली असती. ही बाई पुढे बसायची आणि तिला पाठीमागचं दिसायला नको होतं. तसं बोलूनही दाखवलं, पण मुलगा म्हणाला, आई, तिला शिवण येत नव्हतं आणि सुतारकामही येत नव्हतं, एवढाच अर्थ काढ.

नळीतल्या चिंध्या त्याने तारेच्या आकड्याने ओढून काढल्या. ठासून भरल्या होत्या. शेवटचा बोळा निघाला तेव्हा नळीतून लांब श्वासासारखा आवाज आला. कोंडलेली हवा, मुलगा म्हणाला. बरोबर आहे. फक्त एवढंच की कोंडलेली हवा बाहेर येते, आणि बोळ्याला लोंबणारा धागा मी नळीच्या दिशेने आत ओढला जाताना पाहिला. पंखा चालू होता, असं मी स्वतःला सांगितलं. पंखा दुसऱ्या टोकाला होता, हेही मला ठाऊक होतं.

३

पुढची सीट उसवली तेव्हा बंगलेवाल्यांनी सांगितलेला इतिहास खरा निघाला. एकावर एक माणसं बसून गेली होती. कुणी जाडजूड, त्याने खालच्या स्प्रिंगा वाकवल्या होत्या. कुणी हडकुळा, त्याच्या हाडांनी दोन बारीक खड्डे पाडले होते. सर्वांत वरची खूण बाईमाणसाची, हलकी. अंगाने एकमेकांसारखं कुणीच नव्हतं. पण सगळ्यांची पाठ एकाच बाजूला घासलेली होती, भोंगा होता त्या बाजूला. सगळे कान देऊन बसायचे.

मागच्या सीटवर हात ठेवला आणि लगेच काढला. डावीकडे एक खळगा होता. एकच. गाडी इतक्या जणांच्या हातांतून गेली, मग मागे निदान कुणाची बायको, कुणाची पोरं, काही नाही तर बाजाराच्या पिशव्या तरी बसल्या असतील की नाही? कापड बाकी सगळं कोरं आणि डावीकडे एकाच माणसाची रुंद, सावकाश, वर्षानुवर्षांची बैठक. आणि खळगा शिळा नव्हता. शिळ्या खळग्यात धूळ बसते, भरणातले घोड्याचे केस चिकटून त्यांचा पापड होतो. हा कालच उठून गेल्यासारखा होता.

मी सगळं बाहेर काढलं. नव्या स्प्रिंगा बांधल्या, घोड्याच्या शेपटीचे नवे केस पिंजून भरले, वर कापूस, वर बंगलेवाल्यांनी मागवलेलं लोकरी कापड. संध्याकाळी हात फिरवला तर सगळं तळहातासारखं सपाट. सकाळी आले, तर डावीकडे खळगा.

स्प्रिंग कच्ची असेल. बदलली. भरणाची गाठ सैल राहिली असेल. उसवून पुन्हा भरलं, दाभण बोटात घुसेपर्यंत दोरा ताणला. सकाळी खळगा. रंगारी म्हणाला, मावशी, रात्री कुत्रं झोपत असेल. मी म्हटलं, कुत्रं असतं तर केस पडले असते आणि तू आधी त्याला रंग दिला असतास. दोघं हसलो. पण नंतर गाडीच्या दाराची मूठ त्याने फडक्याने पुसली तेव्हा त्याने हात लांब ठेवून पुसली.

बंगलेवाले बघायला आले. मी खळगा दाखवला. त्यांनी बाहेरूनच वाकून पाहिलं आणि म्हणाले, आजी, ते राहू द्या. ते मूळचंच आहे.

४

पुढच्या सीटला माप लागतं. ज्याला चालवायची त्याला बसवून, मांडीखाली आणि कमरेमागे कुठे किती भरायचं ते खडूने आखून घेते मी. बंगलेवाले म्हणाले, ड्रायव्हर अजून ठेवलेला नाही, तुमच्या मुलाच्या मापाने करा, मध्यम बांधा आहे, कुणालाही चालेल. मी सांगितलं, कुणालाही चालेल अशी सीट कुणालाच नीट होत नाही. ते म्हणाले, मग त्याच्याच मापाची नीट करा.

भरण झाल्यावर मुलगा बसला. असं माप मी आयुष्यात कुणाचं साधलं नव्हतं. हातमोजा चढावा तसा तो तिच्यात गेला. छान झालंय गं, म्हणाला, आणि बसूनच राहिला. मी मागच्या दाराची किनार शिवायला आत शिरले. मधली काच वर होती. ऊन खिडकीतून माझ्या हातावर येत होतं, बाहेर रंगारी पॉलिश घासत होता, त्याचा तोच तोच आवाज. मी काही बोलले नव्हते. तोंडात दोरा होता, बोलणार कशी?

मुलाने मान भोंग्याकडे कलती केली आणि म्हणाला, "हो."

मी काचेवर टकटक केलं. तो वळला. काय हो म्हणालास, असं मी खुणेने विचारलं. त्याने मला काच खाली घ्यायला लावली आणि म्हणाला, तूच तर म्हणालीस, सरळ बस म्हणून.

तो सरळ बसला होता. लहानपणापासून पाठीत पोक काढून बसणारा मुलगा, मी पाठीवर थापट्या मारमारून थकले होते. आता त्याची पाठ गजासारखी ताठ होती.

५

घरात आधी गंमतच वाटली. ताटावर बसायचा आणि हात मांडीवर ठेवून थांबायचा. सून म्हणायची, जेवा ना, कुणाची वाट बघताय? तेव्हा घास उचलायचा. ती गप्प राहिली तर अन्न निवून जायचं. एकदा तिने मुद्दाम गप्प राहून पाहिलं, थट्टेने. तो तसाच ताटापुढे बसला होता. शेवटी तीच रडवेली होऊन जेवा म्हणाली.

मग रंगाऱ्याला काढलं. आमच्या घरचाच माणूस तो. माझा नवरा गेला तेव्हा खांदा दिलेला. दाराच्या रंगात एक कण राहिला होता, सुईच्या टोकाएवढा, मला भिंग लावूनही दिसला नाही. मुलाने तो दरवाजा खरवडायला लावला. रंगाऱ्याने पुन्हा रंग दिला. पुन्हा खरवडायला लावला. पुन्हा दिला. मग मुलगा गाडीत जाऊन बसला, मान कलती केली, बाहेर आला आणि सगळ्यांसमोर त्याला म्हणाला, उद्यापासून येऊ नका. रंगारी हसला, त्याला वाटलं चेष्टा आहे. मग त्याचा चेहरा पाहून हसणं थांबलं. डबा घेऊन गेला. जाताना मला एवढंच म्हणाला, मावशी, हा त्याचा आवाज नाही.

मी मुलाला धरलं. कुणी सांगितलं तुला त्याला काढायला?

"सांगितलं," तो म्हणाला. जणू एवढ्यात सगळं आलं.

मी माझ्या परीने कारणं शोधली. कामाचा ताण असेल. बंगलेवाले कानाला लागले असतील. नाहीतर माझंच वय झालं असेल, ऐकलेल्या गोष्टी आणि उसवलेल्या गाद्या डोक्यात एकत्र शिवल्या गेल्या असतील. पण दुपारी वर्कशॉप रिकामं असताना मी मागच्या सीटवर हात ठेवला. खळगा उबदार होता. गाडी सावलीत होती.

६

गाडी तयार झाली तेव्हा मुलाने सुनेला म्हटलं, चल, तुला फिरवून आणतो. बिचारी नवी साडी नेसून निघाली. पुढे बसायला गेली तर त्याने मागचं दार उघडून धरलं. मी वर्कशॉपच्या दारात उभी होते, गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली, कसलाही आवाज न करता.

सून परतली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. चालत आली. एक चप्पल हातात, दुसरी कुठे पडली तिला माहीत नव्हतं. पाणी प्यायली, मग सांगितलं. गावाबाहेरच्या फाट्यापर्यंत तो नीट चालवत होता. तिला मागे थंडी वाजायला लागली, म्हणून ती काचेवर वाजवायला लागली. त्याने ऐकलं नाही. मग त्याने मान कलती केली, गाडी थांबवली, उतरून तिचं दार उघडलं आणि उभा राहिला. ती म्हणाली, काय झालं? तो म्हणाला, तुम्ही उतरा. ती उतरली, तिला वाटलं काही बिघडलं असेल. त्याने दार लावलं, पुढे जाऊन बसला आणि गेला. ती गाडीमागे पळाली. आरशात तो तिच्याकडे बघत होता, हे तिने मला पुन्हा पुन्हा सांगितलं. बघत होता, आई. मी पडले तेही बघितलं.

तो संध्याकाळी आला, हात धुतले, ताटावर बसला. सुनेने वाढलं नाही. मी वाढलं आणि म्हटलं, असं का केलंस? बायको आहे ती तुझी. तो बराच वेळ विचार करत होता, त्याला खरंच उत्तर द्यायचं होतं असं वाटलं. मग म्हणाला, त्यांना गर्दी आवडत नाही.

७

मी ठरवलं, गाडी बंगल्यावर पोचती करायची. ती घरातून गेली की मुलगा ताळ्यावर येईल. येताना त्याला हाताला धरून आणेन म्हणून मी बरोबर निघाले. सुनेने पदर धरला, जाऊ नका म्हणाली. मी म्हटलं, ती गादी मी भरलीय, मला काय करेल?

मागे, उजव्या टोकाला बसले. डावी बाजू सोडून. काच वर होती. भर दुपार, रस्त्यात भाजीवाले, सायकली, शाळा सुटलेली पोरं, आणि यातलं काहीच आत ऐकू येत नव्हतं. कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं.

फाटा मागे पडला आणि डावी बाजू खाली गेली. झटक्यात नाही. जड माणूस हाताचा आधार घेत टेकतो तशी, सावकाश. माझ्या हाताने बांधलेल्या स्प्रिंगा एकेक करून कुरकुरल्या. कुठली कुठे आहे मला पाठ होतं, त्या मांडीखालून कमरेपर्यंत क्रमाने दबल्या. कापड ताणलं गेलं आणि मी उतारावरून घसरावी तशी त्या बाजूला घसरले. मी दाराची मूठ धरली. बाजूला बघितलं नाही. बघायची छाती झाली नाही.

पण समोर काच होती. काचेत माझं प्रतिबिंब दिसत होतं, आणि त्याच्या शेजारी एक गुडघा. इस्त्रीची घडी घातलेला. त्यावर हात, पातळ हातमोज्यातला, आणि एक बोट गुडघ्यावर टकटक करत होतं. वाट बघायला लावलं की मोठी माणसं करतात तसं. त्याच्यावरचं काही काचेत दिसत नव्हतं, आणि मी मान वर करून पाहिलंही नाही.

पुढच्या आरशात मुलाचे डोळे दिसत होते. ते माझ्याकडे नव्हते. बाजूला बघत होते, पुढच्या शब्दासाठी, सगळा जीव डोळ्यांत आणून. माझ्याकडे त्याने तसं कधीच बघितलं नव्हतं, अंगावर पीत होता तेव्हाही नाही.

मी मुलाशी बोललेच नाही. काचेतल्या त्या हाताकडे बघून म्हटलं, "साहेब, माझा मुलगा सोडा. त्याच्या जागी मला ठेवा."

बोट थांबलं.

पुढे मुलाने मान कलती केली. ऐकलं. मग भोंग्याशी तोंड नेलं आणि त्याचा आवाज माझ्या शेजारच्या नळीतून आला, स्वच्छ, अदबीचा. "बाई, साहेब विचारतायत, तुम्हाला गाडी चालवता येते का?"

मला चालवता येत नव्हती. उभं आयुष्य गाड्यांत गेलं, पण त्या सगळ्या उभ्या असायच्या. मी खरं ते सांगितलं. नाही म्हटलं.

शेजारून नाकातून श्वास सोडल्याचा आवाज आला. रागाचा नाही. कंटाळलेल्या माणसाचा.

गाडी थांबली. मुलगा उतरला, माझं दार उघडलं, हात मागे घेऊन उभा राहिला. "उतरा," म्हणाला. मी त्याच्या शर्टाला धरलं. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली, दुखणार नाही अशी, आणि शर्टाची चुरगळ नीट केली.

८

बंगल्यापर्यंत चालत गेले. गाडी पोर्चमध्ये उभी होती, मुलगा पुढच्या सीटवर, ताठ. बंगलेवाले पायरीवर होते, अजूनही तेवढ्याच अंतरावर. मला बघून त्यांनी खुर्ची मागवली, पाणी मागवलं. मी म्हटलं, गाडी पोचली, आता माझा मुलगा द्या.

ते म्हणाले, मी कुठे धरलाय? विचारा त्याला.

मी म्हटलं, तुम्हाला ठाऊक होतं.

यावर त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणाले, आजी, अशी वस्तू लोक फुकट घालवतात. घेतात, हौसेने पुढे बसतात, संपतात. गाडी तशीच राहते आणि मालक जातो, मग ती पुन्हा कुठल्यातरी शेडमध्ये सडते. मी असा वेडेपणा करणार नव्हतो. मला गाडी हवी होती. पुढे बसायला कुणीतरी लागणारच होतं.

ते म्हणाले, खाण्यापिण्याची आबाळ होणार नाही. गणवेश शिवायला टाकलाय. आणि हो, सीट उत्तम झालीय तुमची.

मी गाडीकडे गेले. दोन्ही हातांनी काच बडवली. मुलगा समोर बघत राहिला. बंगल्याच्या माळ्याने येऊन मला खांद्याला धरून बाजूला नेलं, आणि मी हात लावलेली काच फडक्याने पुसून टाकली.

पोलिसांत गेले. त्यांनी विचारलं, मुलगा कितीचा? मी वय सांगितलं. ते म्हणाले, नोकरी करतोय ना? मग?

९

रंगाऱ्याकडे एक टेम्पो आहे, रंगाचे डबे वाहायचा. मी त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, मला शिकव. त्याने कशाला विचारलं नाही.

माझे पाय पोचत नव्हते. स्वतःच एक जाड गादी भरली, दुसरी पाठीमागे लावली. पहिल्या दिवशी टेम्पो पुढे जायच्या ऐवजी मागे गेला आणि रंगाऱ्याच्या घरची भिंतच अर्धी पडली. त्याची बायको म्हणाली, मावशी, आता दारातूनच या, भिंतीतून नको. गल्लीतली पोरं कडेला उभं राहून टाळ्या पिटायची. एक म्हातारी मला थांबवून म्हणाली, या वयात कुठे जायचंय तुला? क्लच सोडला की टेम्पो उडी मारायचा आणि बंद पडायचा. रंगारी डोकं धरून बसायचा, आणि पुन्हा चालू कर म्हणायचा. सून रोज डबा घेऊन यायची आणि कडेला बसून बघायची. तिला कळलं होतं मी कशासाठी शिकतेय.

मग एक दिवस मी टेम्पो बाजारातून नेला आणि परत आणला, कुणाला धक्का न लावता. रंगारी उतरला आणि म्हणाला, येते तुला आता. त्याचे डोळे भरले होते. मी म्हटलं, रडू नकोस, चेहऱ्यावरचा रंग ओघळेल.

ती गाडी दुपारी फाट्यावरून जाते, हे सगळ्यांनाच माहीत झालं होतं. मागे कुणी नसतं, लोक म्हणतात. मी पदर खोचला आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिले.

गाडी आली. माझ्या पुढ्यात, गुडघ्याला लागेल इतकी जवळ येऊन थांबली. मी पुढच्या खिडकीशी गेले. मुलगा गणवेशात होता, गाल आत गेलेले, केस कानांवर पांढरे. इतक्या थोड्या दिवसांत माणूस एवढा म्हातारा होतो का, ते मला कुणी सांगावं. मागच्या काचेचा पडदा ओढलेला होता. त्याच्या आड काही हललं असेल, नसेल. मी तिकडे बघत नव्हते.

"मला येते आता चालवता," मी म्हटलं. "सांग त्यांना. तू उतर, मी बसते."

त्याने काच खाली केली. माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत मी होते. ओळखलं त्याने मला, आईला ओळखावं तसं. मी हात पुढे केला, दाराची मूठ धरली.

"आई," तो म्हणाला. त्याचाच आवाज, घरातला, अर्धवट झोपेतून उठल्यावर असायचा तसा. "तू जा. ही जागा माझी आहे."

आणि आतून दाराची कडी लावली.

भोंगा त्याच्या कानापाशीच होता. पण मान सरळ होती, जराही कललेली नव्हती. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.